नवव्या पानावरचे दोन भाऊ

हिंगोली जिल्ह्यात बाहेरचा माणूस जातो तो औंढ्याच्या नागनाथाला. मी गेलो नातं मोडायला. लोक घरदार विकून नाती जोडत फिरतात. मला मात्र चार दिवसांत सिद्ध करायचं होतं की एक नातं मुळात नव्हतंच. याच्याइतकं अवघड काम मी जन्मात एकदाच केलंय. माझ्या छापखान्यात शिरलेला सात फुटी नाग मी ट्रेडल मशीनमधून जिवंत बाहेर काढला होता. पण नाग निदान फणा काढून सांगतो की मी इथे आहे.

भानगड अशी होती. माझ्या धाकट्या भावाची मुलगी प्रणिता. भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून तिच्या लग्नकार्याची जबाबदारी माझी. पोरगी परभणीला शेतकी शिकली, माती तपासायची नोकरी करते, आणि शिकता शिकता तिला वैभव अडकिणे भेटला, डोंगरकड्याचा. दोन्ही घरांना पसंत. सुपारी फोडायची तारीख ठरली. पोरगी साखऱ्याच्या पवळ्यांची हे वैभवच्या आजोबांना, गोविंदअण्णांना, तेव्हा कुठे कळलं, आणि आठ दिवस आधी मला नाशिकला त्यांचा फोन आला.

"पवळे साहेब, तुमचं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. तुमीच लिवलंय की तुमचा मूळपुरुष अन् आमचा मूळपुरुष सख्खे भाऊ. म्हंजे आपण भावकी. भावकीत सोयरीक होत न्हाई. रविवारपस्तोर दुसरा काही पुरावा असंल तर आणा. न्हाई तर विषय बंद."

पुस्तक म्हणजे 'पवळे कुलवृत्तांत'. बत्तीस पानं, लेखक मी, मुद्रक मी, अण्णांना प्रत पाठवणाराही मीच. त्याच्या नवव्या पानावर दाजी आणि महादजी हे दोन सख्खे भाऊ डोंगरकड्याच्या रानात एक वाघ मारतात. वाघ नऊ हात लांब. कातडं कोणाचं यावरून भावाभावांत वाजतं, महादजी अडकिण्यांचा मूळपुरुष म्हणून तिथेच राहतो, आणि दाजी रागारागात साखऱ्याला जाऊन पवळे होतो.

आता वाचकांपाशी काय लपवायचं. ते पान मी रचलं होतं. दाजी खरा, आमच्या कुळातला सर्वांत जुना माहीत असलेला माणूस. महादजीही खरा, एकदा बस बंद पडली म्हणून मी डोंगरकड्याला अण्णांच्या केळीच्या बागेत अर्धा दिवस बसलो होतो, तेव्हा अण्णांनीच त्यांच्या पणजोबांचं नाव सांगितलं होतं. भिंतीवर घोड्यावरच्या माणसाची तसबीर, दारात केळीचे घड हत्तीच्या सोंडेएवढे. मला वाटलं, चुलतभाऊ असावेत तर असे. मी दोन नावं शेजारी ठेवली आणि मध्ये वाघ सोडला. खरं तर तो अकरा हातांचा होता. ओळ पुढच्या पानावर जात होती म्हणून दोन हात कापले.

हे प्रणिताला ठाऊक नव्हतं. आणि ती माझ्याबरोबर होती.

गुरुवार, वसमत

पूर्ण्याला गाडी बदलून वसमतला उतरलो. हळदीचा हंगाम. आमच्याकडे हळद डब्यात असते, इथे ती हवेत असते. चहा घेतला तर चहा पिवळा, रुमालाने तोंड पुसलं तर रुमाल पिवळा. समोरून एक पांढरा बैल आला तोही मला अर्धा पिवळाच दिसला. रस्त्याकडेला हळकुंडांचे ढीग होते आणि त्यामागे आम्हाला हवं असलेलं घर: नामदेव भाटांचं. भाट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुळांच्या वह्या राखणारे. वर्षाकाठी यजमानाच्या घरी जायचं, जन्मलेल्याचं नाव चढवायचं, गेलेल्याचं नोंदवायचं.

प्रणिताने पिशवीतून वही काढली. गाडीतच तिने मला तिची पद्धत सांगितली होती. कोण म्हणालं, त्याला कुठून कळलं, कधी कळलं. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं, एकाखाली एक, आणि खोडायचं काहीच नाही. "मातीचे दोन नमुने जुळले नाहीत म्हणून आम्ही एक फेकून देत नाही, काका," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नामदेव भाटांनी लाल कापडातली वही उलगडली. बोट फिरवत म्हणाले, "हे बगा. पवळे, साखरा. मूळपुरुष दाजी. बंधू महादजी, डोंगरकडा. बराबर हाय."

मी रचलेलं पान लाल कापडात गुंडाळून देवासारखं बसलं होतं.

प्रणिता मात्र वाकून बघत होती. "बाबा, वरच्या ओळी काळ्या शाईत. हीच ओळ निळ्या पेनाची का?"

"वरचं माझ्या आज्यानं लिवलेलं. निळं माझं."

"तुम्हाला कुठून कळलं?"

"डोंगरकड्याच्या अण्णांनी छापील पुस्तक दावलं. छापलेलं म्हणल्यावर इचारायचं काय?"

"आणि त्याआधी ही दोन कुळं कुठे होती?"

"दोन वह्यात. पर त्याचा अर्थ लावू नको, माय. वही गावावर असती. कुळ एक असून गावं दोन असली तर वह्या दोनच ऱ्हायत्यात."

म्हणजे बाजूने काही नाही, विरुद्धही काही नाही. प्रणिताने लिहिलं: भाटांची वही, आधार छापील पुस्तिका. मग पेनाचं टोपण न लावता माझ्याकडे वळली. "आणि काका, पुस्तिकेत तुम्ही कशावरून लिहिलं?"

हाच क्षण होता. वसमतच्या त्या पिवळ्या ओसरीवर एक वाक्य बोललो असतो तर पुढचे तीन दिवस वाचले असते. पण पोरगी माझ्याकडे तिच्या बापाच्या डोळ्यांनी बघत होती.

"तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

तिने तेही लिहून घेतलं.

शुक्रवार, डोंगरकडा

वसमत ते डोंगरकडा अंतर काही फार नाही, पण जीपने ते असं कापलं की माझ्या दाढांनी आपापसात जागा बदलल्या. दोन्ही बाजूंना केळी. अण्णांचं घर रस्त्यालगतच.

अण्णा ऐंशीच्या पुढचे. काटकुळे, पांढरं धोतर, पाठ ओळंब्यासारखी सरळ. आमच्या नाशिककडे दारातला पाहुणा आधी चहाने बुडवतात, मग कामाचं विचारतात. इथे पाण्याचा तांब्या आला, चहा आला नाही. विषय मिटल्याशिवाय चुलीवर आधण चढणार नव्हतं, हे मला तांब्या बघूनच कळलं.

त्यांनी देवघरातून पुस्तिका आणली. प्लास्टिकच्या पिशवीत, पोथ्यांच्या मधे ठेवलेली. नववं पान आपोआप उघडलं, इतक्या वेळा उघडलेलं. न बघता त्यांनी ते म्हणून दाखवलं, वाघासकट. माझी वाक्यं त्यांच्या तोंडी ऐकताना मलाच ती खरी वाटायला लागली.

"पवळे साहेब, एकच सांगा. हे खरं हाय का?"

प्रणिताचं पेन तयार होतं. मी म्हणालो, "वडिलांनी सांगितलं, मी लिहिलं. वडिलांची चूक होऊ शकते."

मेलेल्या बापावर खापर फोडणारा माझ्यासारखा दुसरा शूर मराठवाड्याने पाहिला नसेल.

"मंग तुमच्या वडिलांच्या पिढीतलं जित्तं कोन हाय?"

"साखऱ्याला सरूकाकू आहेत. वडिलांच्या चुलतभावाची बायको."

"तिला इचारा," अण्णा म्हणाले. "अन् जे म्हणंल ते तसंच आणा. त्यात तुमचा मसाला नको."

निघताना ते प्रणिताला हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मला तू नको असं न्हाई. भावकीतली पोरगी घरात सून म्हणून आणली तर माझ्या मौतीला भावकी खांदा द्यायची न्हाई. हे बी लिव तुझ्या वहीत." तिने लिहिलं. जीपमध्ये बसेपर्यंत तिचा चेहरा तसाच होता. बसल्यावर तिने वैभवला फोन केला, "अजून काही नाही" एवढंच बोलली आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

शनिवार, साखरा

हिंगोलीवरून सेनगाव, तिथून साखरा. केळी कधीच मागे राहिली. इथे आभाळाच्या भरवशावरची जमीन, तुरीची तोडणी होऊन उरलेल्या काड्या, आणि ऊन असं की माझी सावलीसुद्धा माझ्या पोटाखाली येऊन बसली.

गावात शिरताच देऊळ. देवळाच्या भिंतीत संगमरवरी फरशी: गावातल्या कुळांचे मूळपुरुष. तिसरी ओळ: 'पवळे, दाजी, मूळ डोंगरकडा.'

प्रणिता थबकली. "काका, हे तिसरं. पुस्तिका, भाट, आणि आता दगड." तिचा आवाज बारीक झाला होता. "भाटांनी पुस्तिकेतून घेतलं, पण दगड खोटं कशाला बोलेल?"

एवढा मोठा दगड मी पाहिला नव्हता. सांगतो म्हणून ऐका, ती फरशी घराच्या दाराएवढी होती.

सरूकाकू बाजेवर बसल्या होत्या. नव्वदीच्या, पण कान हरणाचे. सुनेने ताटात गरम धपाटे, दही आणि ठेच्याचा गोळा वाढला. ठेचा असा की पहिल्या घासाला माझे सगळे पूर्वज डोळ्यांसमोर उभे राहिले, पण एकानेही आपलं गाव सांगितलं नाही.

"काकू, दाजी कुठून आले होते?" प्रणिताने विचारलं.

"कोन दाजी? आपला? सासू म्हणायची पैनगंगेच्या पल्याडून, वाशिमकून. सासरा म्हणायचा अल्याडचाच हाये. दोघं त्याच्यावरून भांडायचे."

प्रणिताने दोन्ही लिहिलं, एकाखाली एक. "आणि डोंगरकडा?"

"डोंगरकडा काहून? तिकडं आपलं कोन हाये?"

"देवळातल्या फरशीवर आहे ना."

काकू तोंडाचं बोळकं उघडून हसल्या. "ते व्हय? ते तर फरशी बसवताना पोरायनं बाळूच्या पुस्तकातून उतरून घेतलं. बाळ्या, तूच पाठवलं होतं ना ते पुस्तक?"

बाळ्या म्हणजे मी. मी ठेच्याकडे बघितलं.

"जिवंत असताना कधी बोलले का काही? आजोबा?" प्रणिताचा हात थांबला होता.

"तुवा आज्जा? त्याला आपल्या बापाच्या मागचं नावच ठावं नव्हतं. मीच सांगितलं त्याला दाजी म्हणून." मग काकू पुढे वाकल्या. "मी एक सांगतो, पोरी. या घरात मला सत्तर वर्सं झाली. भावकी कोन हाये ते पुस्तकात नसते. मौत झाली की कोन्या घरचं दहा दिवसाचं सुतक आपल्या घरात येते, ते पाहायचं. चुलीवर गोड बंद, देवळाची पायरी बंद, ते भाऊबंद. डोंगरकड्याच्या मौतीचं सुतक मी सत्तर वर्सांत एक दिस धरलं न्हाई. तिकडून कधी सांगावाच आला न्हाई."

प्रणिताने ते शब्दन्‌शब्द उतरवलं. मग वही घेऊन गोठ्याच्या सावलीत गेली. मी थोड्या वेळाने मागे गेलो. तिने कोऱ्या पानावर पाच चौकोन काढले होते: भाट, अण्णा, फरशी, पुस्तिका आणि पाचवा आजोबांचा. पहिल्या तिन्हींतून एकेक बाण निघत होता, आणि तिन्ही बाण पुस्तिकेत शिरत होते. पुस्तिकेतून निघालेला बाण आजोबांकडे जात होता, आणि आजोबांच्या चौकोनात तिने काहीच लिहिलं नव्हतं.

"काका, हे सगळं तुमच्याकडेच येऊन थांबतंय."

"हो."

"वाघ?"

"वाघ पण."

तिने पेनाचं टोपण लावलं. "बाबांना माहीत होतं?"

"प्रुफं त्यानंच तपासली होती. म्हणाला, दादा, वाघ जरा कमी कर."

तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. तिने वही माझ्याकडे सरकवली, पेन वर ठेवलं. "परवा तुम्ही खोटं बोललात ते मी लिहिलंय, ते तसंच राहील. त्याखाली आता तुम्ही लिहा. कोण म्हणालं, त्याला कुठून कळलं."

मी लिहिलं: बाळासाहेब पवळे म्हणाले. त्यांनी ते रचलं. पस्तीस वर्षांच्या छपाईत मी एवढा छोटा मजकूर कधी जुळवला नव्हता.

रविवार, पुन्हा डोंगरकडा

अण्णा ओसरीवर वाट बघत होते. वही घेतली, चष्मा लावला, पहिल्या पानापासून वाचायला लागले. पंखा खडखडत होता. मी अण्णांच्या भुवयांकडे बघत होतो. माझ्या आयुष्यात कुठल्याही भुवयांकडे मी एवढ्या भक्तीने बघितलेलं नाही.

त्यांनी वही मिटली. "गुरुवारी वडिलांनी सांगितलं. शुक्रवारी वडील चुकले. शनिवारी तुमीच रचलं. उद्या सोमवारी काय?"

"अण्णा, शनिवारचं खरं आहे."

"पोरीचं लगन अडलं म्हणल्यावर माणूस काय बी लिवल. छापलं तवा तुमाला कशाची गरज न्हवती. ते मी खरं धरतो. आज गरज हाय."

"सरूकाकूंनी सांगितलंय की," प्रणिता म्हणाली.

"तुमच्या घरची म्हातारी. तुमच्या अंगानंच बोलणार." अण्णांनी चष्मा काढला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "सुतकाचं म्हणली ना ती? मंग ऐका. तुमचा भाऊ गेला, या पोरीचा बाप. तुमी पत्र पाठवलं. आमी दहा दिवस धरलं. गावच्या महादेवाच्या आरतीचा पहिला मान आमच्या घरचा. त्या साली भंडारा त्या दहा दिवसात आला. मी पायरीखाली उभा ऱ्हायलो. माझ्या हयातीत पहिल्यांदा आरती दुसऱ्यानं केली. तुमच्या पुस्तकात लिवलं होतं म्हणून."

मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या भावासाठी एक माणूस, ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, दहा दिवस देवाला पाठमोरा राहिला होता, आणि ते मी करायला लावलं होतं. प्रणिताने मान खाली घातली होती; वहीवर एक थेंब पडला, तिने तो अंगठ्याने पुसला.

"दुसऱ्या साली माझा भाऊ गेला," अण्णा म्हणाले. "मी बी तुमाला पत्र धाडलं. तुमचं उत्तर आलं, लई झ्याक, 'आपल्या घराण्याचा आधारस्तंभ कोसळला'. अन् सातव्या दिवशी नातवाच्या मोबाईलवर तुमचा फोटो आला. कोणाच्या तरी लग्नात, डोक्याला फेटा, हातात जिलेबीची ताटली. मी कोणाला बोललो न्हाई. पर इतकी वर्सं एकच इचार करून राहिलो. हा माणूस बेशरम हाय का?"

आता मला वाट दिसली. चांगली वाट नव्हती, पण एकच होती.

"अण्णा, तो फोटो खरा आहे. जिलेबी मी दोनदा घेतली. तुमचं पत्र आलं तेव्हा सुतक धरायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. मला आणि माझ्या भावाला. तेव्हा तर लग्नाचा विषयही नव्हता. बेशरम म्हणा, पण आधी खोटारडा म्हणा."

अण्णांचा जबडा हलत होता, जणू जिलेबीचा तो फोटो ते आतल्या आत पुन्हा पुन्हा चावत होते. मी वाघ मारलेला माणूस, तरी माझ्या धोतराला, म्हणजे पँटीला, घाम फुटला होता.

"हे मात्र खरं दिसून राहिलं," शेवटी ते म्हणाले. "इतकं वाईट स्वतःबद्दल कोनी रचत न्हाई."

ते उठून आत गेले. परत आले ते पुस्तिका घेऊन. नववं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "वहीत न्हाई. हितं लिवा. फाडायचं न्हाई, खोडायचं न्हाई. वाघाच्या खाली जागा हाय."

मी लिहिलं: 'हे पान मी रचलेलं आहे. दाजी आणि महादजी भाऊ असल्याचा कोणताही आधार माझ्याजवळ नाही व कधी नव्हता.' एक शोभेचं वाक्य बोटांशी येऊन उभं राहिलं होतं, ते मी गिळलं. "तारीख टाका," अण्णा म्हणाले. टाकली. "आता सही. अन् पोरी, तू साक्षीदार." तिने सही केली.

मग अण्णा तिच्यासमोर बसले. "तुझ्या बापाचं सुतक धरलं आमी. ते आता कुठं गेलं?"

प्रणिताने वही जवळ ओढली. "कुठे नाही गेलं, अण्णा. नातं नव्हतं, पण दहा दिवस तर झालेच. मी लिहून ठेवते."

"तू नको. मी लिवतो."

त्यांनी पेन घेतलं. ऐंशी वर्षांच्या हाताने, एकेक अक्षर मातीत रोवावं तसं, माझ्या सहीच्या खाली लिहिलं: 'हे खोटं हाय ते आज कळालं. आमी दहा दिवस धरले ते खरं हाय.' आणि खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह.

पान त्यांनी मिटलं नाही. शाई वाळेस्तोवर उघडंच पंख्याखाली ठेवलं, वर अडकित्ता ठेवला, आणि आतल्या घराकडे तोंड करून म्हणाले, "कुंकू आणा गं कोनी. पोरगी कवाची बसून राहिली."